पाळीवरचे बांदे

आमच्या इंदूवर सगळ्यांचाच राग आहे. गाव म्हणतं, शिकून वाया गेली. मामाजी म्हणतात, तिच्या हाताला यश नाही. माझा राग वेगळा. एवढी पुस्तकं वाचली बाई, तर ऐन वेळी खरं बोलायला तोंड काऊन उघडलं नाही? एकदाच खोटं बोलली आणि ते खोटं आम्ही अजून निस्तरतोय.

इंदू म्हणजे इंद्रकला गोपीचंद कापगते, माझी नणंद. मी मनकर्णा, तिच्या भावाची, खुशालची बायको. १९९९ साली मी सौंदडहून या गावात सून म्हणून आले. केशोरीहून आत वळलं की तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, आमचं गाव आहे. त्याच वर्षी इंदू नागपूरहून झाडांच्या विषयात एम.एस्सी. करून गोंदियाच्या एका कॉलेजात शिकवायला लागली होती, तासावर. "पुढच्या वर्षी पर्मनंट होते," हे मी माझ्या मांडवात पहिल्यांदा ऐकलं. नंतर ते ऐकायची सवय झाली.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आम्ही कोहळी. तलाव बांधणं हे आमच्या जातीचं जुनं काम, आणि हा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला असं मामाजी सांगतात. सांगतातही असं की परवाच फावडं धुऊन ठेवलंय. पाळीची देखरेख त्यांच्याकडे. पाळीवर गवत वाढलं, कुणाच्या म्हशीनं माती उकरली, की यांचा आवाज बाजारापर्यंत. पाळीवर मोहाची जुनी झाडं रांगेनं उभी आहेत, आणि त्या झाडांवरूनच ही सगळी कथा.

आमच्याकडे झाडावर झाड उगवलं की तो बांदा. विषय संपला. मग ते लाल फुलांचं, फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस पिणारं असो, की नुसतं सालीला धरून हवेत पांढरी मुळं सोडून बसलेलं असो. गावाला दोन्ही एकच. इंदूला मात्र याचा भारी राग.

"बाबूजी, बांदा म्हनू नका त्याले," ती जेवताना म्हणायची. "बांदा झाडाले खाते. हे कोनाचं काही खात नाही. हवेतलं पानी पिते, सालीवर बसते, बस. ह्याले ऑर्किड म्हना."

"आरकीट," मामाजी म्हणायचे.

"ऑर्किड."

"तेच म्हनून राहिलो न मी."

मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

हे सालीवर बसणारं एका काळी आमच्या पाळीवर चिकार होतं म्हणतात. त्याची मुळं सांधेदुखीवर चालतात. मग बाहेरचे लोक पोती घेऊन आले, आणि ज्यानं त्यानं झाडावर पोरं चढवून सगळं ओरबाडून विकलं. आमच्या घरानंही विकलं असेल, मी तेव्हा इथं नव्हते. मी आले तोवर सगळ्यात जुन्या मोहाच्या वरच्या फांदीवर तेवढं एक उरलं होतं, तेही पोरांचा हात पोचला नाही म्हणून. आसपासच्या गावांतही इंदू फिरली. तिला कुठं सापडलं नाही. त्या एकट्या झाडाला शेंग धरली की ती हिरवी असतानाच खालून आकडीच्या लांब बांबूनं काढून न्यायची आणि गोंदियाला बाटलीत त्याची पोरं वाढवायची, हे तिनं मनात घेतलं.

एकदा मी डोळे दाखवायला गोंदियाला गेले तेव्हा तिच्याकडे राहिले आणि ती खोली पाहिली. काचेची एक पेटी, त्यात हात घालून काम करायचं. भिंतीला मांडण्या, मांडण्यांवर ट्यूबलाइटी, आणि ट्यूबलाइटीखाली जामच्या धुतलेल्या बाटल्याच बाटल्या. बाटलीच्या तळाशी खिरीसारखं घट्ट काहीतरी, आणि त्यावर हिरवे ठिपके.

"हे काय शेवाळ जमवलं गं?" मी म्हणाले.

"शेवाळ नाही, वैनी. हे बी उगवलं आहे." मग तिनं मला समजावलं. धानाच्या दाण्यात तांदूळ असतो, तो खाऊन कोंब वर येतो. या बियाण्यात तांदूळच नाही. नुसती भुकटी. एका शेंगेत लाखांनी असते, पण पोटात काही नाही, म्हणून रानात त्यातलं एखादंच जगतं, तेही सालीतली एक बुरशी त्याला भरवते म्हणून. इथं ती बुरशीच्या जागी साखरेचं आणि क्षारांचं पाणी घट्ट करून देत होती. एक बाटली भरली की गोळे वेगळे करून दुसऱ्या बाटलीत, तिथून तिसऱ्या. बोटाएवढं रोप व्हायला वर्षं लागतात. आणि बाटलीत बाहेरचा एक कण जरी गेला तर नको ती बुरशी येते आणि आठवड्यात सगळं कुजतं. म्हणून ती बाटल्या उकळायची, हात स्पिरिटनं पुसायची, बोलायचीसुद्धा तोंड बांधून.

गावाला एवढं कोण सांगणार? गावात बातमी आली ती अशी की कापगत्यांची पोरगी बाटलीच्या नादी लागली. तिला बघायला आलेल्या एका पाहुण्यानं तर सरळ विचारलं, "पोरगी घेते काय हो?" मामाजींनी त्याला अर्ध्या चहावरून उठवलं. पण पाहुणे यायचे कमी झाले ते झालेच. एक जागा चांगली आली होती, तुमसरची. पोराचं म्हणणं एवढंच की लग्नानंतर गोंदिया सोडायचं. इंदू म्हणाली, बाटल्या कोणाकडे देऊ? मी डोक्याला हात लावला. अगं, माणसं लेकरं सोडून परदेशी जातात, आणि ही बाटल्या सोडेना.

दुर्दशा काय एक होती? लोडशेडिंगचे ते दिवस आठवा. दिवसचे दिवस लाइट नाही. एसी बंद, खोलीची भट्टी, आणि बाटल्यांवर पांढरा कापूस चढायचा. निम्म्यावर बाटल्या त्या उन्हाळ्यांनी खाल्ल्या. पेपरात फोटो आला तो तिच्या विभागप्रमुखाचा, हातात इंदूची बाटली घेऊन. तिनं ते कात्रण मामाजींना दाखवलं, आणि मामाजींनी विचारलं, "तू कोठं आहेस यात?" ती म्हणाली, "फोटो काढणाऱ्याच्या मागं." पुढं कॉलेजला ती खोली कॉम्प्युटरला पाहिजे झाली. इंदूला सांगितलं, मॅडम, तुमचं सामान आवरा.

मग ती जगली तेवढी सगळी रोपं घेऊन गावाला आली, टोपल्यांत, ओल्या नारळाच्या काथ्यावर ठेवून. २००८ चा पावसाळा होता. मी, ती आणि तिच्या वर्गातल्या दोन पोरी, आम्ही पाळीवरच्या मोहांना ती बांधली, काथ्याच्या दोरीनं, सालीच्या भेगा बघून. शेंग देणारी आई वरच्या फांदीवर, आणि खाली तिची ही लेकरं. मामाजी खाली उभे राहून पाहत होते. त्यांना ती बोटाएवढी पानं बघून फारसं काही वाटलेलं दिसलं नाही.

"मोठी झाली की कशी दिसतील?" त्यांनी विचारलं.

आणि इथं आमच्या शहाणीनं काय करावं? तिला कुठल्याशा परिषदेत एक कॅलेंडर मिळालं होतं. त्यावर थायलंडचं की कुठलं ऑर्किड, ताटाएवढं जांभळं फूल. तिनं ते मामाजींना दिलं. म्हणाली, "हे पाहा, हे ह्याच खानदानातलं." मामाजींनी ते देवाच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. वर्ष संपलं तरी काढलं नाही. त्यांच्यासाठी लेकीचं झाड म्हणजे ते.

त्यानंतरचे उन्हाळे मी काढले. इंदू सुट्टीला यायची, बाकी वेळ मीच. "वैनी, तू आहेस म्हनून," एवढं म्हणून ती बसमध्ये बसायची आणि मी इथं पितळी गुंडातून पाणी नेऊन खोडांवर शिंपडत बसायचे. बाया हसायच्या. म्हणायच्या, मोहाले आंघोळ घालून राहिली काय गं मनकर्णा? पण रोपं टिकली. मुळं सालीला अशी चिकटली की ओढून निघू नयेत. काथ्या कुजून गळून पडला. खुणेच्या पत्र्याच्या पट्ट्या कोणीतरी पहिल्याच वर्षी काढून नेल्या होत्या. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ती झाडं अशी दिसायला लागली की बाहेरच्या माणसाला वाटावं, ही तर इथंच उगवलेली. इंदूला मी हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "हेच तं पायजे होतं, वैनी. लावलेलं वाटू नये."

२०११ च्या वैशाखात एकाला फूल आलं. लहानसं, मळकट पिवळं, त्यावर तपकिरी चौकटी, मधली जीभ निळी. वास मात्र इतका गोड की मी खोडापाशीच बसून राहिले. मामाजी तिकडून जाताना म्हणाले, "बांदा फुलला वाटते." मी म्हणाले, "हो." त्यांना दुपारच्या जेवणाची घाई होती. मी इंदूला फोन लावला. ती दुसऱ्याच दिवशी आली, फुलाचा फोटो काढला. मग म्हणाली, "मी साहेबांले लिहिते."

साहेब म्हणजे नागपूरचे, ज्यांच्याकडून असल्या कामाला मदत मिळते ते. त्यांनी ठरवलं, हिवाळ्यात येऊन झाडावर जिवंत रोपं पाहायची. ती दिसली तर गावातच जाळीचं घर बांधून देणार, इंदूला कायमचं काम देणार, आणि पाळीवरून पुढं आसपासच्या सगळ्या तलावांवर हे परत लावायचं. नाही दिसली तर काम बंद. बाटल्या तर संपल्याच होत्या. जे काही होतं ते या मोहांवर होतं.

येण्याच्या आठवड्यात इंदूनं मामाजींना फोन केला. मी शेजारीच भाजी निवडत होते, सगळं ऐकलं.

"बाबूजी, झाडांवर बांदे असतील तं काढून घ्या. साहेब लोक आहेत, बरं दिसत नाही. झाडंही वाळतात त्यानं. पन ऑर्किडले धक्का नको."

"धक्का कायले लागते?" मामाजी म्हणाले. "मी सोता उभा राहीन."

तिनं बरोबर सांगितलं होतं. तिच्या भाषेत अगदी बरोबर. लाल फुलांचे खरे बांदे दोन-तीन मोहांवर होतेच, ते तिला नको होते. इतकी वर्षं ती मामाजींना शिकवत होती, बांदा वेगळा, ऑर्किड वेगळं. आणि मामाजी इतकी वर्षं मान हलवत होते.

दुसऱ्याच दिवशी मला सौंदडला भाच्याच्या बारशाला जावं लागलं. परतले ती साहेब येणार त्या दिवशी सकाळी, पहिल्या गाडीनं अर्जुनीला आणि तिथून बसनं. बस पाळीच्या वळणावर आली आणि मला मोह दिसले. बुंध्यांना खाली चुना, वर गेरू, पुन्हा चुना. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे झाडांना असेच पट्टे मारतात. पट्ट्यांच्या वर झाडं स्वच्छ, नुकतीच दाढी केल्यासारखी.

मी पिशवी तिथंच टाकून धावले. पाळीखाली पालापाचोळ्याचा मोठा ढीग जळून गेला होता, राख अजून गरम होती. काडीनं उकरलं. जाड पांढऱ्या मुळांचे काळे तुकडे निघाले. वर पाहिलं तर आईची फांदीही रिकामी. इतकी वर्षं जिथं कुणाचा हात पोचला नाही तिथं या वेळी शिडी लावून पोचले होते.

मामाजी आले, नवं धोतर, डोक्याला टोपी. सोबत सरपंच भैय्यालाल, हातात हार.

"पाह्यलं काय सूनबाई? सारा गाव लागला होता. एकबी बांदा नाही ठेवला. इतला बांदा माजला होता की पोरीचे आरकीट पार झाकून गेले होते. आता मोकळे झाले. कोन्त्या खोडाच्या मांगं आहेत ते तिलेच मालूम. येऊ दे, दाखवते."

मी काय बोलणार? मी तोंड उघडेपर्यंत जीप आली.

इंदू पुढच्या सीटवर होती. उतरायच्या आधीच तिनं वर पाहिलं असणार, कारण उतरली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलेलं होतं. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत तिनं नजर नेली. मग राखेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मामाजी पुढं झाले, साहेबांना हार घातला, आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "साहेब, आमच्या गावाची सफाई पाहा. पोरीनं सांगतलं, बांदा काढा. गावानं काढला. आता पोरगी तुमाले तिचे आरकीट दाखवते."

साहेब चांगला माणूस होता. हसून म्हणाला, "हां मॅडम, दाखवा. कहाँ हैं?"

गाव उभं होतं. पोरं, बाया, ज्यांनी शिडी लावली ते गडी, ज्यांनी चुना कालवला ते. सगळ्यांचे चेहरे कसे उजळलेले. मामाजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आता बोल म्हणून.

इंदू म्हणाली, "सर, जगली नाहीत."

"क्या? एकही नाही? फोटो पाठवला होता न तुम्ही?"

"त्यानंतरच्या पावसात गेली, सर. माझं चुकलं. मी आधी कळवायला पाहिजे होतं."

साहेबानं पुढं काही विचारलं नाही. चहा घेतला, पाळीची वाहवा केली, झाडांपुढं मामाजींसोबत फोटो काढला आणि जीप गेली. काम तिथंच संपलं.

आणि मामाजी? घरी येऊन ते जे पेटले. "मेली होती तं मले काऊन नाही सांगतलं? सारा गाव गोळा केला मी! चार दिवस गडी लावले! बारा वर्षं बाटल्या धुतल्या अन् एक झाड जगवता आलं नाही तुले? लगन नाही, नोकरी नाही, अन् आता माह्या तोंडाले काळं." इंदू भिंतीला टेकून बसली होती. ऐकत होती. मी चुलीपुढून उठले, म्हटलं आता सांगतेच, खड्ड्यात गेलं सगळं. तर हिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली.

मागच्या अंगणात मी तिला म्हटलं, "काऊन गं? त्यांनी जाळलं, आणि बोलणी तू खाऊन राहिली?"

"वैनी, बाबूजींच्या हातानं गेलं हे त्याहिले कळलं तं ते जगतील काय?"

"आणि तू?"

ती माझ्या मनगटातला काचेचा तुकडा काढायला लागली. मला आजही वाटतं की याचं उत्तर तिनं शोधायला पाहिजे होतं. बापाची लाज राखायला स्वतःचं सगळं आयुष्य खोटं पाडायचं, हे कुठलं शहाणपण? पण मीही गप्पच आहे. तिनं शपथ घातली आहे.

आता ती गोंदियात शिकवणीचे वर्ग घेते. कॉलेजनं तासही बंद केले. मामाजी थकले, डोळ्यांना कमी दिसतं. पण पाळीचा नाद सुटला नाही. त्या दिवसानंतर त्यांनी गावात नियमच करून टाकला की दर दिवाळीआधी पाळीवरचे बांदे काढायचे. लेकीनं एक काम सांगितलं होतं, तेवढं तरी टिकवतो, असं म्हणतात. आल्यागेल्याला पाळ दाखवतात आणि मग हळू आवाजात सांगतात, "माही पोरगी बहुत शिकली, पन तिच्या हाताले यश नाही."

या दिवाळीला इंदू आली होती. मामाजी तिला काठी टेकत पाळीवर घेऊन गेले, मी मागं होते. जुन्या मोहाखाली उभे राहिले.

"इंदू, मले आता वरचं दिसत नाही. तू पाह्य बरं, कोठं एखादा राहिला काय. गड्याले सांगून काढून टाकू."

तिनं वर पाहिलं. मीही पाहिलं. उंच, फांदी फुटते त्या बेचक्यात, सालीला धरून दोन हिरवी पानं होती. नखाएवढी.

"नाही, बाबूजी. एकबी नाही."

"मंग झालं." मामाजी खुश झाले. तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुह्या रोपाचं मनाले लावून घेऊ नको. नसते एखाद्याच्या नशिबात."

"हो, बाबूजी."

ते पुढं गेले. मी तिच्या जवळ सरकले आणि हळूच विचारलं, "आपलंच आहे न गं ते?"

इंदू अजून वरच पाहत होती.

"इतल्या खालून सांगता येत नाही, वैनी," ती म्हणाली. "खरा बांदाही असंल."